मारायचं पीक मरेना

भात झोडून पेंढ्यांची उडवी रचून झाली, त्या रविवारी योगेंद्रने घरात जाहीर केलं, की यंदा रस्त्याकडच्या खाचरात असं पीक घ्यायचं, जे खायचं नाही, विकायचं नाही, गुरांना घालायचं नाही आणि ऐन भरात आलं की आडवं पाडून मारून टाकायचं.

विठूतात्या ओटीवर तंबाखू मळत होते. त्यांचा अंगठा तळहातावरच थांबला.

"मंग पेरायचं कशाला रं?"

"मारायला," योगेंद्र म्हणाला.

तात्यांनी बायकोकडे पाहिलं. गोदूबाई सुपात बियाण्याचे वाल निवडत होती. तिने मान वर केली नाही. "सकाळपासून पोटात काय नाय त्याच्या," ती सुनेला म्हणाली. "समिधा, त्याला आदी दोन भाकऱ्या दे गं. मंग बोलू दे."

योगेंद्र मोहोपाड्याला एका केमिकल कंपनीत क्वालिटी खात्यात होता. तिथे त्याच्या सहीशिवाय ड्रम हलत नसे आणि घरी त्याच्या सांगण्यावरून मांजरही हलत नसे. ही तफावत त्याला फार दिवस खुपत होती. संध्याकाळी कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये चहा घेत तो मोबाइलवर एका अमेरिकन शेतकऱ्याचे व्हिडिओ बघे. डोक्यावर कायम टोपी घातलेला हा भला माणूस मक्याच्या दोन हंगामांच्या मधल्या काळात राय नावाचं, गव्हाच्या नात्यातलं एक धान्य पेरी. जमीन उघडी पडू नये म्हणून ते ओळीने पेरायचं, वाढवायचं, फुलावर आलं की वरून जड रूळ फिरवून झोपवायचं. मेलेल्या काडाची चटई होते, तण मरतं, ओल टिकते, गांडुळं वाढतात. टोपीवाला मूठभर माती उचलून तिचा वास घेई, तेव्हा इकडे मोहोपाड्यात योगेंद्रही श्वास आत ओढी आणि त्याच्या छातीत खिडकीतून येणारा कारखान्याचा वास भरे.

पण नुसत्या व्हिडिओने कुणी एवढा पेटत नाही. खरं कारण रस्त्याच्या पलीकडे उभं होतं. कळंबच्या अलीकडे या लोकांचं गाव, आणि गावाच्या तोंडाशी राजेशचं रिसॉर्ट. राजेश योगेंद्रच्याच वर्गातला. शाळेत सातवीपर्यंत तो शेवटच्या बाकावर होता, आता त्याच्या गेटवर दोन वॉचमन होते. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या इतक्या येत, की त्याला पार्किंग पुरेना. त्याने विठूतात्यांचं रस्त्याकडचं खाचर भाड्याने मागितलं होतं. भराव टाकून सपाट करायचं आणि वर खडी पसरायची. तात्यांचे गुडघे गेलेले, मुलगा नोकरीवर, शेत करायचं कुणी? त्यांचं मन वळलं होतं.

"एक हंगाम द्या मला," योगेंद्र म्हणाला. "मी जमीन सुधारून दाखवतो. नाही जमलं तर द्या राजेशला."

"शिमग्यापर्यंत," तात्या म्हणाले. "शिमग्याला मी राजेशला जबाब देनार. तवर तुला काय पेरायचं ते पेर आन् काय मारायचं ते मार."

गोदूबाईने सुपातला एक किडका वाल बाजूला काढला. लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी भात निघालं की त्या खाचरात ती वाल टाकायची. कडव्या वालाचं ते शेत म्हणजे तिचा जीव होता, पण हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं आणि विचारायची बुद्धी घरातल्या दोन्ही पुरुषांना कधी झाली नव्हती.

बियाणं ऑनलाइन आलं. पोत्यावर बर्फाच्छादित डोंगराचं चित्र होतं. योगेंद्रला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण ते चित्र त्याने स्टेटसला ठेवलं.

पेरणीच्या दिवशी त्याने कंपनीतून मोजपट्टी, रंगाचा स्प्रे, नायलॉनची दोरी आणि पातळी बघायचं लाल दिव्याचं यंत्र आणलं. गावात वाल टाकायचा म्हणजे ओटीत घेऊन मुठीने फेकायचा. योगेंद्रचं राय ओळीतच जाणार होतं. दोन ओळींत नऊ इंच, ना पाऊण इंच जास्त ना कमी. खाचराच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि वाडीवरून आलेल्या भागीला व तिच्याबरोबरच्या बायकांना त्याने दहा मिनिटं उभं करून सुरक्षा-सूचना दिल्या.

भागीची हयात या खाचरांत गेली होती. तिने दोरीकडे पाहिलं, लाल दिव्याकडे पाहिलं, मग नम्रपणे विचारलं, "दादा, ह्याचं खायचं काय?"

"काही नाही."

"पाला?"

"नाही."

"मंग गुरांना?"

"मुळीच नाही. हे जमिनीसाठी आहे, भागीबाई. जमिनीचं पांघरूण."

भागीने पदर खोचला. "जमिनीला थंडी वाजते व्हय?" असं तिने विचारलं नाही, पण तिच्या मागे उभ्या बायकांचे खांदे हलू लागले, त्यावरून तिने ते विचारल्यासारखंच झालं.

दुपारपर्यंत अर्धं खाचर झालं. योगेंद्र एका टोकाला पालथा पडून एक डोळा मिटून ओळ तपासत होता. विठूतात्या काठी टेकत आले. "परेड हाय का काय? झेंडा कवा लावनार?" एवढं विचारून ते सावलीला गेले.

योगेंद्र पालथा पडला होता तेव्हा त्याच्या पाठीमागे आणखी एक काम चाललं होतं. गोदूबाई बांधावर आली, तिने भागीला डोळ्याने खुणावलं आणि कनवटीचा निवडलेला वाल भागीच्या ओटीत ओतला.

"नऊ-नऊ बोटं जागा मोकळी सोडलीय त्यानं," गोदूबाई हळूच म्हणाली. "आशी रिकामी सोडतात का कुठं?"

"नऊ इंच म्हनतो तो, गोदूबाय."

"इंच काय आन् बोट काय, वाल मावतोय ना?"

वाल मावला. दोन ओळींच्या मधोमध, चार-चार बोटांवर, भागी आणि तिच्या बायकांनी तो मुकाट्याने टोबला. टोपीवाल्याचं पांघरूण वर आणि गोदूबाईचं खाली अशी वाटणी झाली.

राय उगवलं. हे मात्र कबूल करायला हवं, की सुरेख उगवलं. ओढ्यावरच्या इंजिनाने दोन पाणी दिली आणि सगळं शिवार भाताच्या खुंटांनी पिवळं पडलेलं असताना मधोमध योगेंद्रचं खाचर हिरवंगार, ओळीने उभं. पाठोपाठ ओळींमधून वालाची पानं डोकावू लागली.

"हे काय?" योगेंद्रने आईला विचारलं.

"मागल्या साली शेंगा फुटून दाने पडले असतील," गोदूबाई म्हणाली.

"इतके सरळ रेषेत?"

"तुझी दोरी बघून सरळ उगवले."

त्याने रात्री टोपीवाल्याचे जुने व्हिडिओ शोधले. एका ठिकाणी तो म्हणत होता, सोबत एखादं शेंगावर्गीय पीक असेल तर दुधात साखर. योगेंद्रला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने फोटो टाकला, 'मिश्र आच्छादन पीक, संकल्पना : योगेंद्र'. पुढे जानेवारीत त्याच खाचराच्या शेंगांची पोपटी लागली, कंपनीतले चार साहेब आले, मडक्यातल्या वाफाळत्या शेंगा बोटं भाजून घेत खाल्ल्या आणि जाताना संकल्पनेचं फार कौतुक केलं. गोदूबाईने भांबुर्डीचा पाला गोळा करण्यापासून सगळं केलं होतं. तिला एका साहेबाने विचारलं, "तुम्हीपण मदत करता वाटतं मुलाला?" ती म्हणाली, "जमंल तेवढी."

खरी पंचाईत गुरांची होती. भात कापणीपर्यंत गुरं दावणीला, आणि शेवटचा भारा घरी आला की सगळ्या गावाची गुरं मोकळी. कुणाचं खाचर, कुणाचा बांध काही नाही. शिमगा ओलांडून पार पाऊस तोंडावर येईपर्यंत ती शिवारभर चरतात, शेण टाकतात, संध्याकाळी आपापल्या गोठ्यात येतात. हा काही कुठे लिहिलेला नियम नाही, म्हणूनच तो कुणी मोडत नाही. वालाला तेवढी गावाची सवलत, शेंगा निघेपर्यंत बाई राखण करते. योगेंद्रने मात्र खाचराभोवती करवंदीच्या काट्यांची छातीएवढी वई घातली, वईवरून कंपनीच्या भंगारातली पिवळी-काळी फीत ताणली आणि रस्त्याच्या बाजूला पाटी लावली : 'थांबा. अधिकृत व्यक्तींनाच प्रवेश.'

बाजूच्या खाचराचा लडकू दुसऱ्याच दिवशी दारात आला. त्याची अकरा गुरं होती आणि ती नेहमी त्याच खाचरातून ओढ्यावर जात.

"आमच्या म्हशी अधिकृत नायत का?" त्याने विचारलं.

"लडकूकाका, फक्त शिमग्यापर्यंत. प्रयोग चालू आहे."

"माझ्या आजाच्या वक्ताला गुरं मोकळी, बापाच्या वक्ताला मोकळी. तुझ्या वक्ताला वई? गावाची रीत हाय का नाय? जमीन कुनाची पन असू दे, रीत गावाची."

लडकू रीतीवर इतकं पोटतिडकीने बोलला, की योगेंद्रला शरम वाटली. पण वई राहिली. अकरा गुरं रोज सकाळी फितीपाशी येऊन उभी राहत, हिरव्या ओळींकडे बघत आणि लांबचा वळसा घेऊन ओढ्यावर जात. महिनाभर बघून बघून त्यांच्या माना त्या बाजूला झुकल्यासारख्या दिसू लागल्या.

फेब्रुवारीत वाल निघाला. गोदूबाईने अंगणात शेंगा वाळत घातल्या. आता फक्त राय उरलं आणि त्याला फुलावर यायचं होतं. टोपीवाल्याचा दंडकच होता : फुलाआधी रूळ फिरवायचा नाही, फिरवलात तर ते पुन्हा उठतं. योगेंद्र दर शनिवारी मोहोपाड्याहून चौक, कर्जत करत मोटरसायकलने येई आणि हेल्मेट न काढताच खाचरात शिरे. लोंबी नाही. पुढच्या शनिवारी नाही. पानं मात्र गुडघ्याच्या वर, दाट, मऊ, तजेलदार.

"लोंबी कवा येनार?" तात्या विचारत.

"येईल."

"वांझ असंल," तात्या म्हणत आणि राजेशच्या गेटकडे बघत.

शेवटी योगेंद्र शेतकी खात्यातल्या एका साहेबांना जाऊन भेटला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "या धान्याला लोंबी यायची तर आधी महिना-दीड महिना कडक थंडी लागते," ते म्हणाले. "तुमच्याकडे थंडी किती असते?"

योगेंद्रने विचार केला. "संक्रांतीच्या सुमारास असते दोन दिवस."

"मग हे असंच राहणार. गवत म्हणून वाढत राहील. वाळेल ते एकदम उन्हाळ्यात."

घरी येऊन त्याने हे समिधाला सांगितलं. ती मसाल्याच्या मिरच्यांची देठं काढत होती. "आधी सांगितलं असतं तर बियाणं फ्रीजमध्ये ठेवलं असतं," ती म्हणाली. "वरच्या कप्प्यात तसंही तुमच्या प्रोटीन पावडरशिवाय काय नाय."

इथवर झालं ते नुसतं हसण्यावारी गेलं असतं. पण एक शनिवार असा आला, की पळसदरीच्या बाजूने आलेली एक मोठी गाडी खाचरापाशी थांबली. आतून उतरलेल्या मुलीने वईत ये-जा करायला सोडलेल्या जागी फितीखालून वाकून हिरवळीत फोटो काढले. मग दुसरी गाडी थांबली. रविवारी सात थांबल्या. चौफेर तांबडी, भेगाळलेली जमीन आणि मधे एवढी हिरवाई, मुंबईच्या माणसाला दुसरं काय हवं? कुणीतरी त्या जागेला नेटवर नाव दिलं 'कर्जतचं स्वित्झर्लंड'. गंमत अशी, की त्यातल्या एकानेही हे काय पेरलंय असं विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा योगेंद्रकडे उत्तर तयार होतं.

रविवारी संध्याकाळीच राजेश चालत आला. तो हल्ली अर्ध्या चड्डीतच असे.

"तात्या, पार्किंग राहू द्या," तो ओटीवर बसत म्हणाला. "मला हेच पायजे. असंच. लॉन. लग्नाचं लॉन! खडी नको, भराव नको. तिकडे स्टेज, इकडे मंडप, मधे हे. पोरानं तुमच्या कमालच केलीय. आम्ही आडाण्यासारखं पार्किंग करनार होतो."

तात्यांचा चेहरा उजळला. गेल्या चार महिन्यांत ते पहिल्यांदाच मुलाकडे कौतुकाने बघत होते. "डोकं हाय त्याचं," ते म्हणाले. "आमाला कळलं नाय."

"पुढल्या रविवारी एक पार्टी येतेय अंधेरीची. नवरा-नवरी फोटो काढायला. त्यांना पसंत पडलं की आपलं नक्की. शिमग्याच्या आदी कागद करून टाकू."

शेत पार्किंगमध्ये जाऊ नये म्हणून योगेंद्रने जे पेरलं, त्यानेच ते मंडपात निघालं होतं. हे पार्किंगपेक्षा वाईट होतं. पार्किंगला तात्या अजून कां-कू करत होते, लॉनला ते खुशीने तयार झाले. आणि तेव्हाच योगेंद्रला आपल्या मनातलं नीट कळलं. त्याला फोटो, स्टेटस, साहेबांचं कौतुक हवं होतं हे खरंच, पण त्याखाली एक भीती होती. हे खाचर गेलं तर शनिवारी इकडे यायला कारण उरणार नव्हतं. मग तो गावचा राहणार नव्हता, कॉलनीतला चार नंबरच्या बिल्डिंगमधला माणूस होणार होता आणि तसाच म्हातारा होणार होता.

"मारायलाच पाहिजे," तो समिधाला म्हणाला. "फूल असो नसो. शनिवारी रूळ फिरवतो. रविवारपर्यंत सगळं आडवं, पिवळं. अंधेरीवाले आले तसे परत जातील."

रूळ तयार होताच. खालापूरच्या एका वेल्डिंगवाल्याकडून त्याने लोखंडी ड्रमला तिरक्या पट्ट्या जोडून घेतल्या होत्या. शनिवारी सकाळी ड्रममध्ये पाणी भरलं, ट्रॅक्टरमागे जोडला आणि योगेंद्र खाचरात शिरला. ओळीबरहुकूम, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जाताना एका दिशेने, येताना दुसऱ्या. राय लोळत गेलं. दुपारी तो घामाघूम होऊन बांधावर आला, मागे वळून पाहिलं आणि त्याने डोकं धरलं.

राय मेलं नव्हतं. कोवळं होतं ते, वाकलं होतं, एवढंच. गुडघाभर गवत आता चापून चोपून बसलं होतं आणि जाताना-येताना दिशा बदलल्यामुळे एक पट्टा फिका, एक गडद, पुन्हा फिका, पुन्हा गडद, असे पट्टे उठले होते. टीव्हीवर सामन्याच्या आधी मैदान दाखवतात, हुबेहूब तसं दिसत होतं.

रस्त्यावर राजेशची गाडी थांबली. तो काच खाली करून बघतच राहिला.

"आरं, रोलरपन मारलास?" त्याचा आवाज भरून आला. "योग्या, शाळेत तू आमाला गनितं दाखवायचास ते काय उगाच नाय!"

तात्या काठी टेकत बांधावर आले होते. त्यांनी ते पट्टे पाहिले आणि हयातीत प्रथमच मुलाच्या पाठीवर थाप मारली. योगेंद्रला रडू येईल असं वाटलं, आणि लोकांना वाटलं, कौतुकाने आलंय.

संध्याकाळी तो चुलीपाशी आईजवळ जाऊन बसला. समिधा भाकऱ्या थापत होती. "मरत नाही गं ते," तो म्हणाला. "काय करू तेच कळत नाही. मारायचं पीक, पण मरेना. उद्या ते लोक येतील, हो म्हणतील आणि संपलं."

गोदूबाईने चुलीत लाकूड सारलं. "तुला खरंच नाय द्यायचं ते शेत?"

"नाही."

"मंग हे कार्तिकातच सांगायचं ना बापाला. एवडी दोरी कशाला लावत बसलास?"

तेवढंच बोलून ती उठली आणि दुसऱ्या दिवशीसाठी पाणी भरायला गेली.

रविवारी सकाळी साडेआठला योगेंद्रला जाग आली ती गाडीच्या हॉर्नने. एक नाही, तीन गाड्या एकसारख्या वाजत होत्या. तो लेंग्यावरच धावला. रस्त्यावर राजेश उभा होता, केस विंचरलेले, शर्टाला इस्त्री. त्याच्या शेजारी अंधेरीची पार्टी होती : सहा हात लांब शेपटीचा गुलाबी झगा घातलेली नवरी, काळ्या सुटातला नवरा, हातात छत्र्या आणि चकचकीत पत्रे धरलेले फोटोवाले. सगळ्यांची तोंडं उघडी होती.

खाचराची वई ओढ्याच्या बाजूने दोन माणसं जातील एवढी मोकळी होती. पिवळी-काळी फीत नीट गुंडाळून खुंटीला टांगलेली. आणि आत लडकूची अकरा, भागीच्या वाडीची चौदा, खालच्या आळीची तर मोजायची सोय नाही, अशी अख्ख्या गावाची गुरं. चार महिने जे नुसतं बघितलं होतं, ते ती आता माना न उचलता खात होती. फिका पट्टा, गडद पट्टा, काही भेदभाव नाही. ड्रममधलं पाणी ओतून ओलसर झालेल्या जागी तीन म्हशी बसल्या होत्या. एक रेडा 'अधिकृत व्यक्तींनाच प्रवेश' या पाटीला पाठ घाशीत होता.

"हकला! हकला त्यांना!" राजेश ओरडला.

फोटोवाल्याने हाकलायला म्हणून चकचकीत पत्रा हलवला. उजेड चमकला, एक म्हैस दचकून उठली आणि रस्त्याच्या दिशेने निघाली. ती काही अंगावर येत नव्हती, तिला बिचारीला फक्त दुसरीकडे बसायचं होतं. पण नवरा आधी पळाला. नवरी झगा गोळा करीत मागून ओरडत होती, "रोहन! रोहन!" आणि रोहन गाडीत बसून काच वर करत होता. पुढे त्या दोघांचं लग्न झालं की नाही ते गावाला कळलं नाही, पण गावाचं मत असं आहे, की तिने नीट विचार करावा.

"तात्या, हे काय?" राजेश गरजला. तात्या नुकतेच काठी टेकत पोचत होते. "तुमी शब्द दिलावता मला!"

तात्यांनी गुरांकडे पाहिलं. खरं तर त्यांनाही राग यायला हवा होता. पण चाळीस-पन्नास जनावरं आपल्या खाचरात पोटभर चरताहेत, शेण टाकताहेत, बगळे त्यांच्या पाठीवर बसताहेत, असं दृश्य त्यांनी त्या खाचरात दर वर्षी लहानपणापासून पाहिलं होतं. यंदा काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, ते हेच. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ सैल झाली.

"शेन बघ किती पडलंय," ते राजेशला म्हणाले. "आवंदा खत टाकाया नको."

"मी लॉनचं बोलतोय!"

"आन् मी शेताचं. ऱ्हाऊ दे रं राजेश. पोरगा करतोय, करू दे. गुडघे दुखतात माझे, पन डोळे चांगले हायत. मला बघाया तरी मिळंल."

राजेश पाय आपटत निघाला, तो तडक लडकूच्या घरी. आठवड्याभरात लडकूच्या खाचरात भराव पडला आणि खडी पसरली. आजाच्या वक्ताची, बापाच्या वक्ताची ती गावाची रीत लडकूने त्या सकाळच्या चहाबरोबरच निकालात काढली. त्याची अकरा गुरं आता विठूतात्यांच्या खाचरातूनच ओढ्यावर जातात, आणि लडकू पार्किंगच्या फाटकाशी शिट्टी घेऊन बसतो.

घरी आल्यावर योगेंद्रने आईला विचारलं, "वई कुणी काढली गं?"

गोदूबाई ओटीवर वाल सोलत बसली होती. शेजारी भागी होती. दोघींपैकी एकीनेही वर पाहिलं नाही.

"शिमगा आला," गोदूबाई म्हणाली. "गुरं मोकळीच असतात."

"फीत कशी गुंडाळून ठेवलीय पण."

"चांगली हाय. घेवड्याला बांधाया व्हईल."

योगेंद्रने आठवडाभर स्टेटस बदललं नाही. पुढच्या शनिवारी माणूस मूळ पदावर आला. त्याने खाचरात उभं राहून समिधाकडून व्हिडिओ काढून घेतला : 'आच्छादन पिकाची नियोजित चराई, एक यशस्वी प्रयोग.' मूठभर माती उचलून तिचा वासही घेतला. मातीत नेमकं काय कालवलंय हे त्याच्या लक्षात यायला अर्धं मिनिट लागलं. तो भाग समिधाने कापला नाही.

जूनच्या तोंडावर एका रविवारी तो धावतच मागल्या दारी आला. गोदूबाई पेरणीचं भात पाखडत होती. त्याने मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. "आई, बघ! टोपीवाल्याचा नवा व्हिडिओ. यंदा त्याने रूळ फिरवलाच नाही. रायमध्ये गुरं सोडली! म्हणतो, ही सगळ्यात नवी पद्धत आहे. कुंपण काढायचं आणि गुरं आत!"

गोदूबाईने सूप खाली ठेवलं, चष्मा लावला आणि नीट निरखून पाहिलं. पडद्यावर हिरव्या ओळींमध्ये धिप्पाड काळी गुरं चरत होती आणि टोपीवाला कमरेवर हात ठेवून फार अभिमानाने बोलत होता.

"त्याच्या आयशीनं सोडली असतील," गोदूबाई म्हणाली आणि तिने पुन्हा सूप उचललं.